तिसरी दुमड

९ सप्टेंबर १९९१

प्रिय बॉबिन,

"आईने तीन वर्षांचं माप धरलंय."

तुमच्या दुकानाच्या उंबऱ्यात उभी राहून मी हे म्हटलं होतं, आठवतं का तुला? तुमच्या भाषेतलं माझं पहिलं वाक्य. आगगाडीत शेजारच्या बाईंकडून घोकून घेतलेलं. 'भूक लागलीय' येत नव्हतं, 'मला थंडी वाजतेय' येत नव्हतं, पण हे येत होतं. शिंपीकाका कापड बेतत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली, चष्म्यावरून आधी माझ्याकडे आणि मग कोटाकडे बघितलं, खाली वाकून कोटाचा घेर उलटा केला आणि काहीतरी म्हणाले. नंतर तू मला सांगितलंस ते काय म्हणाले होते: "धरलंय खरं. आणि फार चांगलं धरलंय." तेव्हा मला शब्द कळले नव्हते. कुणीतरी आईचं कौतुक केलं एवढं मात्र कळलं, आणि मी खाली बसून घेतलं.

आज हे उकरून काढायचं कारण असं. इथल्या एका छोट्या संग्रहालयाला युद्धात एकट्याने देश सोडलेल्या मुलांच्या वस्तू हव्या आहेत. कुणी बाहुली दिली, कुणी तिकीट. माझ्याकडे कोट आहे. संग्रहालयातली बाई तरुण आहे, हातमोजे घालून कोट उचलते आणि पाळण्यातलं मूल धरावं तसा धरते. तिला प्रत्येक वस्तूबरोबर एक टिपण लागतं. मी लिहिलेलं खाली देते. वाच, आणि चुका काढ. आयुष्यभर मी मुलींच्या वह्यांतल्या चुका काढल्या, आता माझी पाळी.

"निळा लोकरी कोट. (बाईने आधी 'करडा' लिहिलं होतं. मी खोडून 'निळा' केलं.) शिवला तेव्हा मालकीण बारा वर्षांची. आम्ही ज्यू होतो, आणि आमच्या गावात त्या वर्षी तेवढं कारण पुरेसं होतं. मुलांच्या गाडीत एक जागा मिळाली. आई मागे राहिली. तिने कोटाच्या घेराला एकात एक तीन दुमडी घातल्या आणि सांगितलं, दर हिवाळ्याला एक सोड, तिसरी मी येऊन सोडेन. मदत समितीने मला एका शिंप्याच्या घरी ठेवलं. पहिली दुमड दुसऱ्या हिवाळ्यात शिंपीकाकांनी सोडली, दुसरीही त्यांनीच सोडली. तिसरी अजून तशीच आहे."

'तिसरी मी येऊन सोडेन' हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. फक्त काकांना सांगितलं होतं. रागावू नकोस.

आता शेवटची ओळ रिकामी राहिली आहे. 'तिसऱ्या दुमडीची शिलाई कोणाच्या हातची?' असा रकाना आहे. ही ओळ तू लिही. मला त्रिकोणातलं कळतं, टाक्यातलं कळत नाही. तू शिंप्याची मुलगी, आता स्वतः शिंपीण, आणि त्या कोटाला ओळखणारं जिवंत माणूस आता तूच. दुकानाच्या कागदावर लिहून सही कर. कोट पंधरा जानेवारीला द्यायचा आहे.

तुझ्या आत्याच्या शिवणाच्या डब्याला माझा नमस्कार. अजून आहे ना?

तुझी,
पट्टी

२८ सप्टेंबर १९९१

प्रिय पट्टी,

डबा आहे. झाकण बसत नाही, पण आहे. आत्याचंही शेवटी शेवटी तसंच झालं होतं.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, कारण खुर्चीवर गिऱ्हाईकाची पँट होती. दुकान तसंच आहे. बेताचं टेबल खिडकीशी, बाबांचं स्टूल कोपऱ्यात. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली तरी त्या स्टुलावर मी काही ठेवत नाही. वरची आपली खोलीही तशीच. एका खाटेवर आपण दोघी कशा मावत होतो हे मला आता कोडं वाटतं. तू मावायचीस, मी उरलेल्या जागेत असायचे.

टिपण चांगलं आहे. पण त्यात तू नाहीस. बारा वर्षांची मालकीण म्हणे! त्या बाईला कुणी सांगायचं ती मालकीण कसली होती? मी सांगते.

तू आलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा एका गिऱ्हाईकाचं जाकीट बेतत होते आणि कापड वीतभर कमी पडत होतं. बाबांनी तीनदा खडूने आखलं, तीनदा पुसलं. तू कोपऱ्यातून उठलीस, कॉलरचा कागद उचललास, उलटा फिरवून बाहीच्या पोटात ठेवलास. बसला. वर दोन बोटं कापड उरलं. बाबा बघतच राहिले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तीस वर्षं मी कापड फुकट घालवलं." आत्या आतून ओरडली, "सांगत होते मी!" तिला काय झालंय तेही माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तू आमची मोजपट्टी, म्हणजे पट्टी झालीस. आणि मी, मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी गोल आणि सतत गुंता करणारी, आधीपासून बॉबिन होतेच. आत्या म्हणायची, "ही मुलगी बसते तीसुद्धा काटकोनात. आणि आमची? आमची सांडते."

आणि शनिवार? तेही लिही ना. शनिवार तुमचा विश्रांतीचा वार, तू सुईला हात लावायची नाहीस. बाबा पहिल्या शनिवारी म्हणाले, "बरं, मग बटणं निवडून ठेव रंगाप्रमाणे." तू मान हलवलीस. "तेही नाही? मग वाचता येतं का?" तेव्हापासून दर शनिवारी तू बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचीस. सुरुवातीला चुका करत, थांबत. सहा महिन्यांत तू माझ्यापेक्षा सरळ वाचायला लागलीस. मी मशीन मारता मारता ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हिची आई कुठे आहे हे हिला ठाऊक नाही, आणि ही बाजारभाव वाचतेय, एक अक्षर न चुकता. मला तुझा हेवा वाटायचा. खरंच. मला आई आठवत नाही, म्हणून असेल. वाट बघायलाही कुणीतरी लागतं.

तू दर वर्षी बोलावतेस आणि मी दर वर्षी गुडघ्यांचं सांगते. या वर्षी डाव्या डोळ्याचंही सांगते. मोतीबिंदू. पुढच्या महिन्यात काढतील. शिवाय आगगाडीत मी कधी बसले नाही हे तुला ठाऊक आहे. ज्या स्टेशनावरून तू गेलीस तिथे मी परत पाऊल टाकलेलं नाही.

त्या रकान्याचं म्हणशील तर सगळे टाके तुझ्या आईचेच, असं लिही आणि मोकळी हो.

तुझी,
बॉबिन

१४ ऑक्टोबर १९९१

प्रिय बॉबिन,

चार पानी पत्र. कॉलरवर अर्धं पान, शनिवारवर अर्धं पान, आत्यावर तुकड्या तुकड्याने पाऊण. आणि मी विचारलेल्या एकमेव प्रश्नाला एक ओळ. माझ्या वर्गात असतीस तर शेरा मिळाला असता: 'उत्तर बरोबर असेलही, पण कृती दाखवलेली नाही.'

तूच लिही. तुझी सही हवी.

काल नात आली होती. बारा वर्षांची, आणि उंच, बघ ना. कोट घालून आरशापुढे उभी राहिली. माझ्यासारखीच दिसत होती असं म्हणणार होते, पण नव्हती दिसत. ती हसत होती. मला म्हणाली, "आजी, तू सारखा निळा म्हणतेस. हा तर राखाडी आहे." मी म्हटलं, निळाच होता. ती म्हणाली, "कुठे?"

डोळ्याची काळजी घे. पण उत्तर दे.

पट्टी

६ नोव्हेंबर १९९१

पट्टी,

हे समोरच्या औषधवाल्याच्या मुलीकडून लिहून घेते आहे. डोळा झाला. डॉक्टरांनी तीन आठवडे वाचायला, लिहायला, शिवायला बंदी केली आहे. डोळ्यावर पट्टी आणि डोक्यातही पट्टी, दुसरं काही सुचत नाही. जे लिहायचंय ते दुसऱ्याच्या हाताने लिहिता येण्यासारखं नाही. थोडं थांब.

बॉबिन

१ डिसेंबर १९९१

प्रिय पट्टी,

डोळा उघडल्यावर पहिलं काम हे. अक्षर वाकडं आलं तर डोळ्यावर ढकलू नकोस. आधीचे दोन कागद फाडून हा घेतलाय.

तिसऱ्या दुमडीचे टाके तुझ्या आईचे नाहीत. माझे आहेत.

आता कृती दाखवते.

युद्ध संपल्यानंतरचा पहिला हिवाळा. शनिवार. मदत कचेरीच्या भिंतीवर नावांच्या याद्या लागल्या होत्या. कोण सापडलं आणि कोण नाही त्या. तू दुपारी निघालीस, आणि शनिवार म्हणून ट्राम नको, पायीच जाणार म्हणालीस. ऊन होतं, कोट खुंटीला राहिला. दुपारपुरतं दुकान बंद, मी एकटी.

तू तेव्हा पंधराची होतीस आणि कोट गुडघ्यांच्या वर चढला होता. सकाळी तुझे गुडघे जांभळे दिसायचे. बाह्यांना बाबांनी दुसऱ्या कापडाच्या पट्ट्या लावल्या, त्या तू लावू दिल्यास, पण घेराला हात लावू देईनास. मी तीनदा विचारलं होतं. तीनदा तू "नको" म्हणालीस. मला वाटलं भीड. त्याच आठवड्यात एक बाई दुकानात तुझ्याकडे बघून म्हणाली होती, "शिंप्याच्या घरात राहून हिचा कोट असा?" ते माझ्या फार मनाला लागलं. शिंप्याच्या मुलीला आखूड कोट दिसला की दुसरं काही दिसतच नाही, पट्टी. समोर चार बोटं कापड आत दुमडलेलं आहे आणि मैत्रीण कुडकुडते आहे. सोडायचं, इस्त्री मारायची, खुंटीला टांगायचं. तू येशील, घालशील, आणि ओरडशील. एवढंच होतं माझ्या डोक्यात.

वीस मिनिटांत उसवलं. दोरा जवळजवळ अख्खा निघाला. दुमड उलगडली, आणि आत कापड नवं होतं. पट्टी, तो निळा मी तुला कसा सांगू? कोट केव्हाच विटून करडा झाला होता, तो तसाच असतो असं मी धरून चालले होते. आणि त्याच्या पोटात ही निळी पट्टी, दुकानातून आजच आणल्यासारखी. तिला ऊन लागलं नव्हतं, पाऊस लागला नव्हता. मी बोट फिरवत बसले.

तेवढ्यात बाबा चष्मा न्यायला आले.

"कुणाला विचारलंस?"

"कुणाला विचारायचं? तिला थंडी वाजते."

"कुणाला विचारलंस?"

बाबांचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही नाही चढला. स्टूल ओढून बसले आणि त्यांनी मला सांगितलं की ती दुमड तुझी आई येऊन सोडणार आहे. मला ते तुझ्या पत्रात नवं असल्यासारखं वाचावं लागलं, कारण तुझ्या लेखी मला ते माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मी रडायला लागले. "मला का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तू ओठ चावत दाराकडे बघत बसली असतीस. एकजण बघतेय तेवढं पुरे."

मग त्यांनी दोरा उजेडात धरला, कापडावरची भोकं बघितली. बराच वेळ. म्हणाले, "हा डावा हात आहे. टाका उलटा झुकतोय. आणि काय हात आहे! एक भोक इकडचं तिकडे नाही." मग माझ्याकडे वळून, "त्याच भोकांतून घाल. ह्याच दोऱ्याने. डाव्या हाताने."

"मला डाव्या हाताने येत नाही."

"शिक. पायी गेलीय. तीन तास आहेत."

"तुम्ही घाला ना, बाबा."

"मी उसवलं का?"

पूर्ण वेळ ते समोर बसून घेर ताणून धरून होते. सुई एकदाही हातात घेतली नाही. माझा डावा हात म्हणजे लाकूड. सुई जायची भलतीकडे आणि बोटात शिरायची. दोन ठिकाणी दोरा तुटला, तिथे आपल्याकडचा काळा दोरा मेण लावून जोडला आणि गाठी आत दडवल्या. संपल्यावर मी इस्त्री उचलली तर म्हणाले, "नको. नवं दिसेल." ओलं फडकं फिरवलं आणि खुंटीला लावला. पाचच मिनिटांत तू आलीस. "आज काही नव्हतं," म्हणालीस, हात धुतलेस आणि जेवायला बसलीस.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबा म्हणाले होते, "सांगायचं की नाही ते तू ठरव, पण सांगायचं तर तिच्या तोंडावर." धीर झाला नाही. नंतर तू शिकायला गेलीस, नोकरी, लग्न, आणि ती दुमड तू सोडेचना. दर पत्रात कुठेतरी कोट यायचा आणि मी ती ओळ सोडून पुढे वाचायचे. मला वाटायचं, ही अजून वाट बघतेय. आणि वाट बघताना हात कशावर फिरवतेय? माझ्या वाकड्या टाक्यांवर. त्या कोटाला बाकी सगळी मशीनची टीप. पहिल्या दोन दुमडींचे टाके बाबांनी तुझ्यादेखत काढले. तुझ्या आईच्या हातचे टाके फक्त त्या एका जागी उरले होते, आणि ते मी वीस मिनिटांत काढून टाकले.

तेव्हापासून कुणाच्या हातचं काम मी न विचारता उसवत नाही. गिऱ्हाईक साधी पँट घेऊन आलं तरी विचारते, "हे कुणी शिवलंय?" लोक हसतात. तुझ्या कोटाला पुन्हा हात लावणार नाही हे मी बाबांसमोर कबूल केलं होतं, तेही पाळलंय.

तर त्या रकान्यात लिही: एका मूर्ख मुलीच्या हातची. दुकानाचा कागद सोबत आहे, सही केली आहे. वरचं तू भर.

तुझी (असले तर),
बॉबिन

२० डिसेंबर १९९१

प्रिय बॉबिन,

तुझं पत्र आलं तेव्हा नात इथे होती. "आजी रडतेस की हसतेस?" म्हणाली. मी तिला सांगितलं, एका विद्यार्थिनीचा पेपर सेहेचाळीस वर्षांनी आलाय.

मला माहीत होतं. त्या संध्याकाळपासून.

जेवताना आत्याने पाण्याचं भांडं पुढे केलं आणि तू उजव्या हाताने घेतलंस. तुझी उजवी बोटं टोचून लाल झाली होती. तुमच्या घरात सगळ्यांची बोटं टोचलेलीच असायची, पण डाव्या हाताची. कापड धरणारा हात टोचला जातो हे मी तुमच्याकडे पहिल्या आठवड्यातच शिकले. टोचलेली उजवी बोटं मी आयुष्यात एकाच बाईची पाहिली होती. लहानपणी ताप आला की तीच बोटं माझ्या कपाळावर असायची, खरखरीत.

तू काकांकडे बघत होतीस, काका भिंतीकडे बघत होते. आत्या एकटीच बोलत होती. ती म्हणाली, "आज सगळ्यांना झालंय काय, तोंडं शिवलीयत का?" जेवण झाल्यावर मी खुंटीशी गेले. घेर ओलसर होता. आत बोट घातलं तर दोन गाठी लागल्या. आई गाठी मारत नसे.

आता माझी कृती.

"आज काही नव्हतं" हे खोटं होतं. त्या दुपारी यादीत नाव होतं. तिचं पूर्ण नाव, जन्माचं वर्ष, आणि पुढे जे असायचं ते. मी ते तीनदा वाचलं. परत चालत येताना मी एकच ठरवत होते: घरी जायचं, कात्री घ्यायची आणि ती दुमड सोडून टाकायची, कारण आता ती सोडायला कुणी येणार नव्हतं. तुम्हाला सांगायचं नाही, कारण तुम्ही सगळे रडाल आणि मला तुमची समजूत घालावी लागेल. त्यानंतर कुठेतरी निघून जायचं. कुठे ते ठरलं नव्हतं. चालत होते तोवर बरं होतं. तुमची गल्ली आली तशी मी वळले.

आणि मग ते पाण्याचं भांडं.

बॉबिन, ज्या दुपारी मला भिंतीवर कळलं की तो हात पुन्हा दिसणार नाही, त्याच दुपारी तू खाली बसून तो हात शिकत होतीस. भोकं तिची, दोरा तिचा, तिरका टाका तिचा. बोटांत सुया घुसल्या तरी तू उठली नाहीस. मूर्ख मुलगी म्हणे! मी चाळीस वर्षं मुलींना शिकवलं, हुशार, कष्टाळू, सगळ्या पाहिल्या. चूक केल्यावर तिच्यासमोर तीन तास अशी बसलेली मुलगी मला नंतर एकही भेटली नाही. मी कात्री घेतली नाही. गेलेही नाही कुठे. वर आले, आणि तू झोपल्याचं सोंग करत भिंतीला चिकटून पडली होतीस. मला जागा ठेवून. पहिल्यांदाच, तू काहीही लिही.

त्यानंतर ती दुमड बंद राहिली ती आईची वाट बघण्यासाठी नाही. ती तुझी होती म्हणून.

काकांना माझंही कळलं होतं. मी सांगितलं नाही, पण पुढच्या शनिवारी मी वर्तमानपत्र उचलायला गेले तर त्यांनी ते आधीच घेतलं होतं. म्हणाले, "आज मी वाचतो. तू ऐक." बाजारभावापर्यंत सगळं वाचलं. त्यांना माझ्यापेक्षा वेळ लागत होता.

तू सांगशील तेव्हा मी सांगेन असं ठरवलं होतं. तू सांगेनास. दोघी सारख्याच. शेवटी संग्रहालयाने रकाना पाठवला तेव्हा मला वाटलं, प्रश्न मोकळा ठेवून बघू या. शिक्षिकेचा हा एक डाव असतो. उत्तर आपल्याला येत असतं, पण मुलीला स्वतःहून बोट वर करू द्यायचं. या तीन महिन्यांत तुला किती त्रास झाला असेल ते माझ्या ध्यानात आलं नाही. त्याची माफी मागते.

टिपण पूर्ण केलं. तुझ्या कागदावर असं भरलं आहे: "तिसऱ्या दुमडीची शिलाई: आधी आईच्या हातची. नंतर मैत्रिणीच्या हातची, वय पंधरा, त्याच भोकांतून, त्याच दोऱ्याने, डाव्या हाताने." संग्रहालयातल्या बाईने वाचलं, हातमोजे काढले आणि डोळे पुसले. मग पुन्हा हातमोजे घालून विचारलं, "पण रंग काय लिहायचा?"

इथेच माझी अडचण आहे. निळा, असं मी सगळ्यांना छातीठोक सांगते, आणि मला तो निळा आठवत नाही. बारा वर्षांच्या मुलीने तो नवा असताना पाहिला असणार, पण तेव्हा मी कोटाकडे कुठे बघत होते, मी आईकडे बघत होते; आणि पहिल्या दोन दुमडी सुटल्या तेव्हा तिच्या निघणाऱ्या टाक्यांकडे. आईने दुकानात उभं राहून, निवडून, माझ्यासाठी कुठला रंग घेतला हे पाहिलेलं आता जगात एकच माणूस उरलंय. त्याने त्या रंगावर बोटही फिरवलंय.

पंधरा जानेवारीच्या आधी ये. गाडीला दीड दिवस लागतो. नात तुला तुमच्या स्टेशनावरून घेऊन येईल म्हणते आहे, तिच्या आईबरोबर. खिडकीकडची जागा तुझी.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. गुडघे. डोळा. पुन्हा हात लावणार नाही असं काकांना कबूल केलंय. ज्या स्टेशनावरून मी गेले तिथे तू पाय ठेवणार नाहीस. 'नाही' लिहायला तू कागद काढलाही असशील. काढ. पण आधी हे वाच. त्या दिवशी काकांनी तुला 'कुणाला विचारलंस?' असं दोनदा विचारलं आणि तुझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. कोट माझा, टाके तुझे, आणि तुला मी स्वतः सांगते आहे.

ये, आणि ती तिसरी दुमड तुझ्या हाताने सोड.

तुझी,
पट्टी